सरड्याच्या जबड्यासाठी प्राणहितेकाठी

मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात सरड्यांचे दात बघते. हे सांगितलं की लोक हसतात. कुंपणावर मान खाली-वर करत बसतो तो आपला साधा सरडा, त्याचे दात काय बघायचे? पण पालीचे दात जबड्याच्या आतल्या बाजूला टेकवल्यासारखे असतात, आणि सरड्याचे, पुढचे एक-दोन सुळे सोडले तर, थेट जबड्याच्या कडेवर, हाडाशी एकजीव झालेले, करवतीच्या पात्यासारखे. रंग बदलणाऱ्या शॅमेलियनचेही तसेच. म्हणून हे दोघे एका कुळातले.

हे कुळ किती जुनं, यावर मात्र भांडण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या दोन्ही अंगांना, डायनासोरांच्या काळातले लाल मातीचे आणि चुनखडीचे थर आहेत. पलीकडच्या तीरावर, तेलंगणात, त्या थरांत तांदळाच्या दाण्याएवढे जबड्यांचे तुकडे सापडले होते. दात कडेवर. काही म्हणाले, हा जगातला फार जुना, कदाचित सगळ्यांत जुना सरडा. काही म्हणाले, छे, हा तुआताराचा भाऊबंद. तुआतारा हा न्यूझीलंडात उरलेला प्राणी. दिसायला सरडा, पण सरडा नव्हे, आणि दात त्याचेही कडेवरच. शिवाय हा सरडा म्हणावा, तर पुढच्या कोट्यवधी वर्षांच्या खडकांत त्याच्या कुळाचा मागमूस लागत नाही. एवढी पोकळी कशाने भरायची?

माझे गुरू दामले सर ‘सरडाच’ म्हणणाऱ्यांतले. भूशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त, आणि या एका मुद्द्यावर कुणाचंही ऐकून न घेणारे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. बारीक काम असेल ते आता उरकून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“नीला, डिसेंबरात जायचं. मला पुढच्या सुळ्यांसकट जबडा हवाय, आणि तो माझ्या डोळ्यांनी बघायचाय.”

चंद्रपूर

स्टेशनाबाहेर शंकरभाऊ जीप घेऊन उभे होते. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, कपाळावर गॉगल. त्यांनी आधी आम्हाला तर्री-पोह्यांच्या टपरीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात. इथे हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसरी प्लेट मागवली.

“जंगलात वाघ आहेत ना हो?” मी विचारलं.

“वाघाले मी भेत नाई मॅडम,” शंकरभाऊ म्हणाले. “ट्रकाले भेतो.”

आष्टी ओलांडून आलापल्लीच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं. लोखंडाच्या खनिजाने भरलेले ट्रक एकामागून एक येत होते. दोन्ही बाजूंची सागाची झाडं गुडघ्यापासून शेंड्यापर्यंत तांबडी झालेली. समोरून ट्रक आला की शंकरभाऊ गाडी थेट रस्त्याखाली उतरवत आणि धुरळा बसेपर्यंत श्वास धरल्यासारखे थांबत. रस्त्याकडेला डोक्यावर भारा घेतलेल्या बाया तोंडाला पदर लावून तशाच उभ्या राहत. आमच्या बोलण्यातली गंमत हळूहळू संपली.

एका पोलीस चौकीवर गाडी तपासली. मागे चाळण्या, कुदळी, रिकाम्या गोण्या.

“कशासाठी चालले?” बंदूक लटकवलेल्या पोरसवदा शिपायाने विचारलं.

“सरड्याच्या जबड्यासाठी,” सर म्हणाले.

त्याने आमच्याकडे, मग गोण्यांकडे पाहिलं. तो हसला नाही. “सर, हे दुसऱ्या कोनाले असं सांगू नका, खरं नाई वाटनार,” एवढंच म्हणाला आणि दांडा वर केला.

अहेरी

अहेरीत बाजाराचा दिवस होता. सुकट, मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या, आणि मराठी, गोंडी, तेलुगू अशा तीन भाषांत चाललेली घासाघीस. विश्रामगृहाच्या खानसाम्याने वांगं आणि वालाच्या शेंगांची पातळ भाजी भाताबरोबर वाढली. सरांनी नकाशा उघडला. वनखात्याची परवानगी होती, जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र होतं. ज्या नाल्याकाठी थर उघडे पडलेत, तो नाला ज्या गावाच्या हद्दीत होता, त्या गावाला विचारायचं मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ते गाव

अहेरी आणि सिरोंचा यांच्या मधलं, मुख्य रस्त्यापासून आत, ते एक गोंड वस्तीचं गाव आहे. नाव का लिहीत नाही, ते पुढे येईलच.

पहिले दोन दिवस आम्हाला कुणी हटकलं नाही. नाल्याच्या कापलेल्या काठात वरती चुनखडीचा पांढरट पट्टा आणि खाली कलेजीच्या रंगाची माती, असा आम्हाला हवा होता तसाच थर होता. अशा मातीत डोळ्यांनी काही दिसत नाही. ती गोण्या भरून न्यायची, पाण्यात भिजवून विरघळवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला चुरा सुकवून कण न् कण भिंगाखाली बघायचा. मी खणत होते, सर लांबून सूचना देत होते, शंकरभाऊ गोण्या शिवत होते. धान कापून झालेल्या भातखाचरांतून, इथल्या बांध्यांतून, रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यांचा वास येत होता. एक बाई शेळ्या घेऊन दोनदा येऊन आमच्याकडे बघून गेली. मी हात हलवला, तिने हलवला नाही.

तिसऱ्या दिवशी गोण्या गाडीत चढवत असताना शंकरभाऊ एकदम थबकले. नाल्याच्या वरच्या अंगाला माणसं उभी होती. काहींच्या खांद्यावर कुऱ्हाडी. इथे रानात जाणाऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच, हे मला माहीत होतं. तरी मी हातातली गोणी खाली ठेवली.

एक चाळिशीचा माणूस खाली आला. त्याने गाडीत डोकावून बघितलं आणि किल्ली काढून खिशात टाकली.

“माती कुठी नेऊन राह्यले?”

“पुण्याला,” मी म्हटलं. “तपासायला.”

‘तपासायला’ हा शब्द ऐकल्याबरोबर वरच्या माणसांत गोंडीत बोलणं उसळलं.

“चला गावात,” तो म्हणाला. “गोन्या इथीच राह्यतीन.”

तो लालसूभाऊ, ग्रामसभेचा अध्यक्ष. मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही मधे, ते पुढे-मागे, असे चालत गेलो. शंकरभाऊ माझ्या कानाशी पुटपुटत होते, “मॅडम, माती देऊन टाका. मातीसाठी कायले जीव टांगनीले लावता?”

गावाच्या मधोमध गोटुल होतं. गाव जमतं, ते कुडाच्या भिंतींचं मोठं घर. पुढच्या अंगणात आम्हाला बाजेवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, आणि मग सगळं गाव समोर येऊन बसलं. आधी पाणी, मग जाब, ही रीत मला त्याही अवस्थेत लक्षात राहिली.

सरांनी पत्र काढलं. “हे बघा, रीतसर परवानगी आहे. तुम्हाला आम्हाला अडवता येणार नाही.”

मी डोळे मिटून घेतले. हेच वाक्य बोलायला नको होतं.

शेळ्यांवाली बाई पुढे सरकली. मैनाबाई तिचं नाव. “कागद त्याइच्यापाशी बी होता,” ती म्हणाली. “माझ्या माहेरी आले होते. माती तपासतो म्हने. असेच गोनीत भरून नेले. मंग खुंटे ठोकले, मंग मशीन आल्या. आता आमचा डोंगर कुठी हाय, सांगा. तुमी रस्त्यानं आले न? ट्रकात पाह्यला असान.”

 तांबडी झालेली झाडं डोळ्यांसमोर आली.

“आम्ही खाणवाले नाही,” मी शेवटी म्हटलं. “आम्ही जुना सरडा शोधतोय.”

कुणीतरी ते गोंडीत सांगितलं. एक म्हातारा थुंकला. लालसूभाऊचा चेहरा आणखी कठीण झाला.

“बाई, आमाले येडे समजू नका. सरड्यासाठी पुन्याहून कोन येते?”

अंगणाच्या कुंपणावर उन्हाला एक सरडा बसला होता. मी उठले. दोन माणसं माझ्याबरोबर उठली. विचार करण्यात अर्थ नव्हता. मागून हात नेऊन मी तो धरला, आणि त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. बायका ओरडल्या. मी तसाच अंगठा पुढे केला, हळूच त्याचा जबडा उघडला आणि भिंग लालसूभाऊच्या हातात दिलं.

“दात बघा. हाडावरच उगवलेत ना? आता घरातल्या पालीचे असे नसतात. दातांवरून कळतं, कोण कुणाच्या कुळातला. असाच दाण्याएवढा जबडा त्या मातीत असेल. तो याचा पूर्वज आहे, का दुसऱ्याच कुळातला, एवढंच आम्हाला बघायचंय.”

त्याने बराच वेळ पाहिलं. भिंग पुढे गेलं. मी सरडा कुंपणावर सोडून दिला. मग लालसूभाऊने सावकाश विचारलं, “म्हंजे सरडा किती देवाचा हाय, ते पाहून राह्यले तुमी?”

गोंडांत कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात. कुणी चार देवाचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. सारख्या देवाचे ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. अनोळखी पाहुण्याला पहिला प्रश्न हाच.

“हो,” मी म्हटलं. “अगदी तेच.”

मागे कुणीतरी हसलं. पण मैनाबाई हसली नाही. “खरं असन तर इथीच धुवा,” ती म्हणाली. “आमच्या नाल्यात, आमच्या डोळ्यापुढं. सरडा निंगाला तर पाहू. नाई निंगाला तर माती इथीच टाकून जा, अन् परतून येऊ नका.”

तोच निर्णय झाला. किल्ली लालसूभाऊच्याच खिशात राहिली.

नाल्याकाठी

आम्हाला अंगणवाडीची खोली दिली. जेवायला लालसूभाऊच्या घरी भात, लाखोळीची डाळ, सुकटीची चटणी. आमच्याशी बोलणं बेताचंच. त्याच्या बायकोने सरांच्या पानात दुसऱ्यांदा डाळ वाढली, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. जेवू घालायचं आणि विश्वास ठेवायचा नाही, हे दोन्ही एकाच घरात शेजारी शेजारी नांदत होतं. आमच्याकडे ज्याच्यावर विश्वास नाही त्याला चहासुद्धा विचारत नाहीत.

सकाळपासून माती धुणं सुरू झालं. पाणी इतकं गार की बोटं बधिर होत. अंगठा ठणकत होता. काठावर माणसं बसून बघत. एकेक गोणी विरघळून लाल पाणी वाहून जाई आणि चाळणीत मूठभर चुरा उरे. तो चादरीवर पसरून वाळवायचा आणि थोडा थोडा ताटलीत घेऊन भिंगाखाली बघायचा. एकदा नजर चुकवून एक कोंबडी त्या चुऱ्यात शिरली आणि टिपू लागली. शंकरभाऊ, मी आणि दोन म्हातारे असे चौघं एकदम धावलो. तिने काय गिळलं, ते देवालाच ठाऊक. तिच्या मालकिणीने तिला उचलून आमच्यापुढे धरलं आणि विचारलं, “कापू का?” ती थट्टा होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

चुऱ्यात माशांचे खवले निघाले, काळे, चकचकीत. माशांचे दात निघाले. लोकांनी ते भिंगातून पाहिले. “मासे तं आताही हायेत,” मैनाबाई म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या गोणीत तेच, तिसऱ्या गोणीतही तेच. सर बाजेवर ताठ बसून होते. प्रत्येक ताटलीनंतर विचारत, “काही?” मी म्हणे, “नाही, सर.” शंकरभाऊ गाडीभोवती फेऱ्या मारत होते, किल्ली नसलेल्या गाडीभोवती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर, गोण्या संपत आल्या असताना, ताटलीतल्या वाळूच्या कणांत मला करवतीचं पातं दिसलं.  कुंचल्याचं टोक थुंकीने ओलं करून त्यावर तो तुकडा टिपला. तांदळाच्या कणीएवढा, मधाच्या रंगाचा. कडेवर त्रिकोणी दात, सगळे हाडाशी एकजीव. आणि पुढचं टोक शाबूत! तिथे दोन दात वेगळे, सुळ्यासारखे, आतल्या बाजूला टेकवलेले, नेमके सरड्याच्या कुळात असतात तसे.

“सर,” मी म्हटलं.  सर उठले, अडखळले. लालसूभाऊने त्यांना धरून आणलं.

त्यांनी जाड भिंग डोळ्याला लावलं. वाऱ्याने तुकडा उडू नये म्हणून मी दोन्ही हातांची ओंजळ धरली होती. आजूबाजूची माणसं दाटीने उभी होती. सर बघत राहिले. तुकडा फिरवायला सांगत, पुन्हा बघत. कितीतरी वेळाने म्हणाले, “सुळे आहेत.”

मग एकेकाने पाहिलं. मैनाबाईने सगळ्यांत शेवटी. “म्हंजे खरंच सरड्यासाठी आले होते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता. पण लगेच तिने विचारलं, “आता हे नेसान. मंग दुनियेले सांगान, कुठी भेटलं?”

“सांगावंच लागतं,” सर म्हणाले. “ठिकाण नसलेल्या जीवाश्माला कुणी विचारत नाही.”

“गावाचं नाव?”

“गाव, नाला, नकाशावरची जागा.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. लालसूभाऊ म्हणाला, “सर, ते वाचून मंग कोन कोन येईन, याचा तुमी भरोसा देता का? नाव सांगू नका. एवढं कबूल करा अन् घेऊन जा.”

मी सरांकडे पाहिलं. ‘हो’ म्हणा, असं मनातून ओरडत होते. नावाशिवायही काही वाट निघाली असती. पुण्यात गेल्यावर बघता आलं असतं. किल्ली मिळाली असती, जबडा मिळाला असता.

सर म्हणाले, “मी आत्ता हो म्हणेन. पण उद्या कुणी विचारलं, पुरावा मागितला, तर मी गप्प राहीन की नाही, मला सांगता येत नाही. या एका जबड्यासाठी मी आयुष्यभर भांडलोय. माझा भरवसा धरू नका.”

लालसूभाऊने हे गोंडीत सांगितलं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तो म्हणाला, “मंग हे इथीच राह्यन.”

“राहू द्या,” सर म्हणाले. “फक्त आजची दुपार मला बघू द्या.”

त्यांनी दुपारभर बघितलं. ऊन उतरेपर्यंत ते भिंगातून नजर काढत नव्हते. मीही बघितलं. मग कापसात गुंडाळून तो तुकडा लालसूभाऊने गोटुलात, छताच्या बांबूच्या पेरात ठेवला, आणि खिशातली किल्ली काढून शंकरभाऊंच्या तळहातावर ठेवली. निघताना मैनाबाईने आमच्या गाडीत वालाच्या शेंगांची टोपली ठेवली.

परत

अहेरी मागे पडली. खनिजाचे ट्रक येतच होते. शंकरभाऊ गाडी रस्त्याखाली उतरवून थांबले, तेव्हा सरांनी विचारलं, “तुला काय वाटतं, नीला?”

सुळे सरड्यासारखे होते, हे खरं. पण तुकड्याच्या मागच्या टोकाला, जिथे तो तुटला होता, हाडाचा काठ पट्टीसारखा दातांच्या ओळीच्या बराच मागे गेलेला होता. सरड्यांत हे हाड मागे लवकर संपतं. लांब जातं ते तुआताराच्या कुळात. त्या कुळातल्या अगदी जुन्या काही प्राण्यांना पुढे वेगळे दातही असत. हे मी गावातच पाहिलं होतं, आणि भिंग धरलेल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून बोलले नव्हते. पण ज्या माणसाने गावाला खोटं वचन दिलं नाही, त्याच्याशी मी तरी कशी खोटं बोलणार?

“मागचा काठ, सर,” मी म्हटलं. “मला वाटतं, तो सरडा नव्हता.”

धुरळा काचेवर बसत होता. सरांनी चष्मा काढून पुसला.

“मलाही दिसला तो काठ,” ते म्हणाले.

परतल्यावर थोड्याच दिवसांनी पुण्यात जीवाश्मांवर एक परिसंवाद होता. दुसऱ्या बाजूच्या एका तरुण संशोधकाने पडद्यावर जुन्या तुकड्यांची चित्रं दाखवली आणि हा सरडा असूच शकत नाही, असं सांगितलं. मग सगळे सरांकडे वळले. ते दर वेळी उठून भांडायचे, हे सर्वांना माहीत होतं. सर खुर्चीचा हात धरून उठले.

“तुमचं बरोबर असावं,” ते म्हणाले. “मी नुकताच एक जबडा पाहिला. मागच्या काठावरून तो तुमच्या बाजूचा वाटतो. मी माझं म्हणणं मागे घेतो.”

तरुण संशोधक गडबडला. “कुठे आहे तो जबडा, सर? आम्हाला बघता येईल?”

“एका गावात आहे.”

“कुठल्या?”

मी मान वर करून सरांकडे पाहिलं. 

“ते मी सांगणार नाही,” ते म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर चाचपडत खाली बसले आणि कार्यक्रमाची पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन पुढचं व्याख्यान कुणाचं आहे, ते वाचायचा प्रयत्न करू लागले.